समुद्र आहे, पाऊस नाही

एप्रिल संपत आला की आपल्याकडे एक मथळा ठरलेला असतो : ‘मराठवाड्याचे वाळवंट होणार?’ सोबत भेगा पडलेल्या तलावाचा फोटो आणि डोक्यावर दोन घागरी घेतलेली बाई. मी मराठवाड्यातल्या सिंदफणा नदीच्या काठच्या गावातला. हा मथळा वाचतच लहानाचा मोठा झालो. शाळेत दुष्काळावर निबंध आला की हेच वाक्य मीही लिहायचो. वाळवंट मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. नामिबियाचं वाळवंट गाडीनं ओलांडून अटलांटिकच्या किनाऱ्याला जाऊन आलो आणि तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. त्यात वाळवंटावर अन्याय होतो, आणि आपल्या जमिनीवर त्याहून मोठा.

नामिबिया कुठं आहे हे गावात समजावून सांगायची फारशी गरज पडली नाही. ‘२०२२ साली कुनोला आठ चित्ते आले ना, तो देश,’ म्हटलं की पारावरची माणसं मान डोलवायची. ‘मग तिकडं माणसं राहतेत का नुसती जनावरंच?’ हा पुढचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. मराठवाड्याच्या बारा-तेरा पट मोठा मुलूख आणि वस्ती जेमतेम ३० लाखांची. आपल्या आठ जिल्ह्यांत २०११च्या जनगणनेलाच पावणेदोन कोटींच्या वर माणसं होती.

गाडीत आम्ही चौघं होतो : मी, बायको, ताई आणि दाजी. दाजी लातूरचे. नळयोजनांच्या कामांची ठेकेदारी करतात, त्यामुळं कुठंही गेलं तरी त्यांची नजर आधी टाकीकडं जाते. राजधानी विंडहूकला डबल केबिनची पिकअप भाड्यानं घेतली, मागं दोन जादा टायर, पाण्याचे कॅन आणि ताईनं घरून आणलेल्या धपाट्यांचा डबा. तिथं वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालतात, एवढा एक दिलासा होता. बाकी डांबर लवकरच संपतं आणि मुरमाचा रस्ता लागतो, तो संपतच नाही. चाकांतली हवा थोडी कमी करायची, ताशी ऐंशीच्या पुढं जायचं नाही, समोरून गाडी येताना दिसली की काचा वर घ्यायच्या. खोरिक्सास गावाच्या अलीकडं एक टायर गेला. बदलला आणि निघालो.

खोरिक्सासच्या पश्चिमेला दगड झालेल्या झाडांचं रान आहे. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे ओंडके, साल आणि वलयांसकट दगड झालेले, उघड्यावर पडलेले. लोक ते बघायला येतात. माझं लक्ष मात्र त्यांच्यामधे जमिनीला चिकटून पसरलेल्या एका जिवंत झाडाकडं गेलं. वेलविचिया. पहिल्यांदा पाहिलं तर कुणीतरी फाटकी पोती टाकून दिलीत असं वाटेल. मी खाली बसून नीट पाहिलं. मधे गुडघ्याएवढा, लाकडासारखा टणक बुंधा, आणि त्यातून निघालेली दोन पानं. दोनच. जन्मभर हे झाड तिसरं पान काढत नाही. ती दोनच पानं बुडाकडून वाढत राहतात आणि शेंड्याकडून झिजत, वाऱ्यानं चिरत जातात, म्हणून दहा-वीस असल्यासारखी दिसतात. हात लावला तर पान चामड्याचं, कडक आणि बुडापाशी हिरवंगार. अंगोलात १८५९ साली फ्रीडरिश वेलविच या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते दिसलं, तेव्हापासून जगाला माहीत झालं. यातली मोठी झाडं हजार वर्षांहून जुनी असतात, म्हणजे यादवांनी देवगिरी वसवली त्याच्या आधीपासून ती त्याच दोन पानांवर उभी आहेत. किती लागतं जगायला, याचा हिशेब या झाडानं एकदाच केला आणि पुन्हा त्यात बदल केला नाही. तिथून मला उठवत नव्हतं. शेवटी बायकोनं ‘अहो, ऊन चढतंय’ म्हणून हाक मारली.

ट्वायफलफॉन्टेनच्या कातळावरची कोरीवकामं त्याच भागात आहेत. २००७ पासून तो जागतिक वारसा आहे. किमान दोन हजार वर्षांपूर्वी, शिकार करून जगणाऱ्या माणसांनी लाल वालुकाश्मावर गेंडे, जिराफ, शहामृग कोरलेत. वाट दाखवायला दमारा समाजाची एक तरुण मुलगी होती. तिनं एका शिळेकडं बोट केलं. तिथं सील होता. शेजारी पेंग्विन. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर, मधे पाण्याचा थेंब नाही. म्हणजे आम्ही गाडीनं निघालो होतो त्या बाजूला ही माणसं पायी जाऊन आली होती, आणि परत येऊन ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांच्यासाठी ती चित्रं कोरली असावीत असं मला तिथं उभं राहून वाटलं. माझ्या आजीनं समुद्र कधी पाहिला नाही. मी मुंबईहून पहिल्यांदा परत आलो तेव्हा तिनं विचारलं होतं, ‘लई मोठा अस्तो का रं? आपल्या माजलगावच्या धरणाएवढा?’ मला तेव्हा सांगता आलं नव्हतं.

त्याच मुलीनं आम्हाला खाली आबा-हुआब नदीच्या पात्रात नेलं. नदी म्हणजे नुसती वाळू. वर्षात काही दिवस वाहते, एखाद्या वर्षी तेवढीही नाही. तरी दोन्ही काठांना मोठी झाडं होती. त्यातलं एक आपल्या बाभळीच्या गोतातलं, शेळ्या त्याच्या शेंगा आपल्याकडच्यासारख्याच आवडीनं खातात. पात्राच्या मधोमध एक खड्डा होता, कमरेएवढा, तळाशी ओल. हत्तींनी उकरलेला. वाळवंटातले हत्ती पाय आणि सोंड वापरून वाळू बाजूला करतात, पाणी झिरपेपर्यंत थांबतात, पितात आणि जातात. मग त्याच खड्ड्यावर माकडं येतात, हरणं येतात, पाखरं येतात.

‘हा तर झिरा,’ ताई म्हणाली.

तिला आणि मला एकाच वेळी आजी आठवली असणार. उन्हाळ्यात सिंदफणेच्या वाळूत कोपरापर्यंत हात घालून ती झिरा उकरायची. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, दुसरं गाळून घ्यायचं, वाटीनं वाटीनं घागर भरायची. १९७२च्या दुष्काळात तिनं रोजगाराच्या कामावर खडी फोडली, लेकरांना सुकडी खाऊ घातली, आणि पाण्याला ही नदीची वाळू होती. आज त्या जागी वाळू नाही. ट्रॅक्टर, मग हायवा, मग जेसीबी असं करत ती गेली. उघड्या खडकावर झिरा लागत नाही. आमची नदी वाळवंट झाली नाही, वाळू गेल्यानं ती कोरडी झाली. हे मला त्या खड्ड्याशी उभं राहून जितकं स्पष्ट दिसलं तितकं गावात कधी दिसलं नव्हतं.

पुढं पश्चिमेला जाताना डोंगर बदलले. माथा सपाट, बाजूंना पायऱ्या पायऱ्यांचे उतार, काळपट तांबडा दगड. ताई खिडकीतून बघत म्हणाली, ‘हा तर आपला बालाघाट!’ ती भूगर्भशास्त्र शिकलेली नाही, पण तिची नजर चुकली नाही. हा एटेंडेकाचा पठारी भाग. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकींपासून फाटत होत्या, तेव्हा लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. त्याचा जोडीदार लाव्हा समुद्रापलीकडं ब्राझीलमध्ये आहे. आपलं दख्खनचं पठारही असंच लाव्हाच्या थरांचं, वयानं त्याच्या निम्मं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचं. दोन्हीकडं दगड एकच, बेसॉल्ट. वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलंय तोच.

फरक पायाखाली होता. गाडी थांबवून आम्ही उतरलो. डोंगरापासून रस्त्यापर्यंत नुसते दगड पसरलेले, लाल, उन्हानं चकाकी आलेले. माती नाही. आपल्याकडं याच दगडावर हजारो पावसाळे पडले, तो कुजला, झिजला आणि त्याची काळी माती झाली, काही ठिकाणी पुरुषभर खोल. कापूस, तूर, ज्वारी त्या मातीवर उभी राहते. तिथं पाऊस नसल्यानं दगड दगडच राहिला. मराठवाड्यात सरासरी ७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो. पठाराच्या त्या टोकाला १०० मिलीमीटर म्हणजे चांगलं वर्ष, आणि किनाऱ्यावर वर्षाचे २० मिलीमीटरही होत नाहीत. आपल्याला वाळवंट म्हणणाऱ्यांनी आपल्या शेतातलं एक ढेकूळ हातात घ्यावं. पावसाशिवाय ते झालंच नसतं.

म्हणून मला दुष्काळ आणि वाळवंट यांची सरमिसळ खुपते. दुष्काळ म्हणजे यायचा तो पाऊस न येणं, आणि आलेला न राखणं. तो वाळवंटातही पडतो. २०२४ साली नामिबियात इतका दुष्काळ पडला की लोकांना मांस देण्यासाठी सरकारनं ७२३ वन्य प्राणी मारायचं ठरवलं, त्यात हत्तीही होते. तेव्हा तो देश म्हणजे शहाणपणाचा पुतळा आहे असं मी म्हणत नाही. तिथंही युरेनियमच्या खाणी आहेत, त्यांना पाणी लागतं आणि ते मिळतं. पण सी-३९ या रस्त्यावर शेळ्या राखणारा माणूस जिथं पवनचक्कीचं पाणी संपतं तिथं कळप हलवतो. आमच्याकडं पाणी संपलं की बोअर घेतात. ३०० फुटांना लागलं नाही तर ५००, मग ८००, मग हजार. बेसॉल्टच्या भेगांत पाणी मुळात थोडंच असतं, आणि ते खोल गेल्यानं वाढत नाही, हे बोअरवालाही जाणतो आणि घेणाराही. तरी उसाच्या शेतात रात्रभर मोटर चालू असते, आणि शेजारच्या वस्तीवर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागते.

स्प्रिंगबोकवासरला फाटक आहे. तिथून ‘स्केलेटन कोस्ट’चं राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. सांगाड्यांचा किनारा. १९७१ साली घोषित झालेलं, उगाब नदीपासून अंगोलाच्या सीमेवरच्या कुनेने नदीपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर लांब. नुसतं पार होऊन जाणाऱ्यांची वहीत नोंद होते, आणि दुपारनंतर त्यांना आत सोडत नाहीत, कारण अंधाराच्या आत दुसऱ्या फाटकातून बाहेर पडलं पाहिजे. फाटकावरच्या बाईंनी विचारलं, पाणी किती आहे? दाजींनी कॅन दाखवले. त्या समाधानानं मान हलवून म्हणाल्या, जा.

मग डोंगर संपले. सपाट, करडी, रिकामी जमीन. आभाळ आणि जमीन यांच्यामधे काहीच नाही. फाटकाशी गाडीतलं तापमान ३६ दाखवत होतं. वीसेक किलोमीटर गेल्यावर ते उतरायला लागलं. ३०. २५. १९. समोर पांढरट भिंत उभी होती. आधी धूळ वाटली, जवळ गेल्यावर कळलं, धुकं. आत शिरलो तर काचेवर बारीक तुषार, दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले. एसी कधीच बंद केला होता, आता बायकांनी शाली काढल्या. किनाऱ्यावरच्या टोरा बे या ठिकाणाच्या अलीकडं दाजींनी गाडी बंद केली आणि आम्ही उतरलो तेव्हा समुद्र दिसायच्या आधी ऐकू आला. रेती तुडवत आवाजाच्या दिशेनं गेलो. धुकं थोडं फाटलं आणि एकदम समोर लाट.

कोकणातला किनारा आपल्याला माहीत असतो. माड, सुरू, होड्या, जाळी, कुणाचं तरी घर. इथं वाळवंट चालत चालत थेट लाटेत जातं. मधे गवताची काडीही नाही. लाटा उंच आणि आडव्यातिडव्या फुटतात, पाण्यात पाय घातला तर हाडं ठणकतात. वाळूवर देवमाशाचा एक मणका पडला होता, बसायच्या पाटाएवढा, उन्हावाऱ्यानं पांढरा झालेला. उत्तरेला पाहिलं, दक्षिणेला पाहिलं, माणसाची खूण नाही. मला भीती वाटली नाही. उलट इतकं मोकळं मी आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं. ताई बराच वेळ काही बोलली नाही, मग पदर डोळ्यांना लावला. का, ते मी विचारलं नाही.

पण मनात एकच प्रश्न घोळत होता. आपल्याकडं पाऊस समुद्रावरून येतो. जूनमध्ये आम्ही सगळे पश्चिमेकडं बघतो. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्री चढतात, तिकडंच बरेचसे रिते होतात आणि उरलंसुरलं आमच्या वाट्याला येतं, ही आमची जुनी तक्रार. समुद्र जवळ असता तर, असं आम्ही नेहमी म्हणतो. इथं तर समुद्र पायाशी आहे, मधे एकही डोंगर आडवा नाही, आणि पाऊस नाही.

कारण तो समुद्रच. दक्षिणेकडून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह या किनाऱ्याला लागून वर येतो आणि वारा खालचं आणखी थंड पाणी पृष्ठभागावर आणतो. त्यावरची हवा गार आणि जड राहते. ढगाचा पाऊस व्हायला हवा वर चढावी लागते, ती इथं चढतच नाही. हिंदी महासागराकडून येणारे दमट वारे अख्खा खंड ओलांडताना आधीच कोरडे झालेले असतात. त्यामुळं जे काही मिळतं ते एवढंच : गार पाण्यावर तयार होणारं धुकं. किनाऱ्यावर वर्षातले शंभराहून जास्त दिवस ते असतं आणि कित्येकदा पन्नासेक किलोमीटर आत जातं. नामिब या वाळवंटाचं सगळं जगणं या धुक्यावर बेतलेलं आहे. तिथला एक काळा किडा पहाटे वाळूच्या टेकडीच्या कण्यावर चढतो, धुक्याच्या वाऱ्याकडं तोंड करून, डोकं खाली आणि ढुंगण वर असा उभा राहतो. पाठीवर साचलेलं पाणी ओघळून तोंडात येतं. गोबाबेबच्या संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी ही गोष्ट १९७०च्या दशकात जगापुढं मांडली. तेच थंड पाणी तळातून क्षार वर आणतं, त्यावर मासळी पोसते, मासळीवर सील आणि पाखरं. पाण्याअभावी ओसाड म्हणावा अशा किनाऱ्याला लागून जगातला एक अत्यंत समृद्ध समुद्र आहे.

जहाजांना मात्र ते धुकं काळ ठरलं. २९ नोव्हेंबर १९४२ला ‘डनेडिन स्टार’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज या किनाऱ्याच्या पार उत्तरेला अडकलं. १०६ माणसं होती. ६३ जणांना किनाऱ्यावर उतरवलं आणि लाटांमुळं बाकीच्यांना उतरवणं थांबलं. त्यांना इतर जहाजांनी नेलं. किनाऱ्यावरच्यांपुढं समुद्र होता आणि पाठीशी वाळवंट. मदतीला आलेली एक टग बोटही खडकावर गेली, तिच्यावरचे दोघे बुडाले. विमानांतून पाणी टाकलं, त्यातलं बरंचसं आपटून फुटलं. एक विमान उतरलं ते वाळूत रुतलं. शेवटी विंडहूकहून जमिनीवरून निघालेला ट्रकांचा ताफा, वाळू उपसत, त्यांच्यापर्यंत पोचला. वाचवायला गेलेल्यांतले दोन गेले, अडकलेले सगळे वाचले. तो भाग आजही सर्वांना खुला नाही. आम्ही टोरा बेहून दक्षिणेला वळलो.

उगाबच्या फाटकावर कवटी आणि हाडांचं चित्र आहे, लोक तिथं फोटो काढतात. त्याच्या पुढचा सी-३४ हा रस्ता मिठाचा : माती-मुरूम खाऱ्या पाण्यानं भिजवून दाबलेला, डांबरासारखा घट्ट, धुक्यात मात्र निसरडा. रस्ता सोडून बाजूला गाडी घालू नका, असं जागोजाग लिहिलेलं. कारण पुढं कळलं. कडेला जमिनीवर करडे, काळे, केशरी पापुद्रे पसरले होते. ताईनं वाकून एक पाहिलं.

‘अगं, हे तर दगडफूल!’

तेच कूळ. आपल्या काळ्या मसाल्यात दगडफूल पडतं तसल्याच जातीचे हे जीव, बुरशी आणि शेवाळ मिळून झालेले. मेल्यासारखे कोरडे होते. बायकोनं बाटलीच्या टोपणातून चार थेंब टाकले. आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून बघत राहिलो. पापुद्र्याच्या कडा हलल्या, उलगडल्या, आणि करडा रंग हिरवट होत गेला, डोळ्यांदेखत. चार थेंबांत. याच्यावरून एकदा गाडीचं चाक गेलं तर तो माग पुसायला कित्येक दशकं लागतात.

केप क्रॉसला सीलची वसाहत आहे, लाखाच्या घरात. वास मैलभर आधी येतो, कोकलणं त्यानंतर. पिल्लांच्या मागावर कोल्हे आणि तपकिरी तरस फिरतात. पोर्तुगीज दर्यावर्दी दिओगो काओ यानं १४८६ साली इथं दगडी क्रूस रोवला. हेन्टीज बेच्या दक्षिणेला ‘झेइला’ नावाची मासेमारी बोट पाण्यात तिरकी उभी आहे. भंगारात विकलेली, मुंबईकडं ओढत नेताना २००८ साली दोर तुटला आणि ती इथं रुतली. आता तिच्यावर पाणकावळ्यांची वस्ती आहे.

स्वाकोपमुंड हे जर्मनांनी वसवलेलं टुमदार गाव. गावाच्या टोकाला वाळूत मातीचे लहान लहान उंचवटे आहेत, रांगेनं, नावाविना. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सत्तेनं हेरेरो आणि नामा लोकांचा जो संहार केला त्यातल्या बळींच्या त्या कबरी. हेरेरोंना माणसासकट, जनावरांसकट वाळवंटात हाकललं आणि पाण्याच्या जागा अडवल्या. पाणी अडवून माणसं मारली. त्या कबरींपाशी आम्ही चपला काढून उभे राहिलो.

परतीला विंडहूक. दाजींना ज्याची ओढ होती ते इथं होतं. देशाच्या आत बारमाही नदी नाही, समुद्र अडीचशे किलोमीटरवर. या शहरानं १९६८ साली सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या नळाला द्यायला सुरुवात केली. असं करणारं जगातलं ते पहिलं शहर. २००२ साली नवा मोठा प्रकल्प झाला. कारखान्यांचं पाणी आधीच वेगळं काढतात. बाकीचं ओझोन, कार्बन, बारीक पडदे, क्लोरीन अशा एकामागून एक पायऱ्यांतून जातं आणि धरणाच्या पाण्यात मिसळून घरोघरी पोचतं. मुक्कामी दाजींनी नळाखाली ग्लास धरला, उजेडात पाहिला आणि पिऊन टाकला. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा ते लातूरच्या स्टेशनात उभे होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक टाळ्या वाजवत होते आणि आपल्याला शरमेनं मान वर करवत नव्हती, असं त्यांनी मला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं.

ताईला ते पटत नव्हतं. ‘गटारीचं पाणी देवाला कसं चालंल? पाहुण्याला कसं द्यायचं?’ दाजी म्हणाले, वरच्या शहरांचं सगळं गोदावरीतूनच खाली येतं, तेच आपण जायकवाडीतून उचलतो. ताई म्हणाली, नदी मधे आहे ना पण. हा वाद विमानात चालू होता, घरी आल्यावरही चालू आहे, आणि मला दोघांचंही म्हणणं कळतं. दाजी सध्या एका वसाहतीसाठी सांडपाणी फिरवून बागेला आणि संडासाला वापरायची योजना आखतायत. पिण्याचं नंतर बघू, म्हणतात.